जमीन नाही, मुक्काम देऊ

 

मागच्या हिवाळ्यापासून आमच्यातल्या वडसा स्टेशनजवळ राहणाऱ्या कार्यकर्त्यांना एक नवाच प्रश्न ऐकू येतो आहे. कोणी रेल्वेनं उतरतं, कोणी नागपूरकडून स्वतःच्या गाडीनं येतं. नोकरीवाली कुटुंबं असतात, कॉलेजातली पोरं असतात. चहाच्या टपरीवर थांबून विचारतात, "दादा, इकडं नदीकाठी नाहीतर जंगलात दोन रात्री राहायला झोपडी, कॉटेज मिळते का भाड्यानं? कोणती घेतलेली बरी?"

पहिल्यांदा आम्हाला हसू आलं. आम्ही जिंदगीभर झोपडीतच राहतो आणि हे लोक पैसे देऊन झोपडी शोधत येतात. पण नंतर गाढवी नदीच्या काठावरच्या एका गावात जे झालं ते ऐकून हसू थांबलं. म्हणून या अंकात या विषयावर लिहितो आहोत. हा विषय शहरातल्या लोकांच्या सुट्टीचा वाटतो, पण तो आपल्या जमिनीचा आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. त्या घरचं म्हणणं तसं आहे. चांगल्या गाडीतून एक माणूस आला. नदीच्या वर ज्यांचा वनहक्काचा पट्टा आहे, त्या घरी बसला. म्हणाला, जमीन विकू नका, तुमचीच राहील. मी फक्त तीस वर्षांच्या करारानं घेतो. सहा-सात लाकडी कॉटेज बांधतो, दर वर्षी पैसे देतो, तुमच्या पोराला चौकीदार ठेवतो. स्टॅम्प पेपर सोबतच होता. घरच्या म्हाताऱ्याचं मन हललं. कर्ज होतं, पोरगा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला होता. त्याला घरी आणायची वाट दिसली.

पण पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव असते. कायद्यातच तसं आहे. म्हातारीनं विचारलं, "धुऱ्यावरचे दोन मोह कोण येचल?" तो माणूस म्हणाला, झाडं जमिनीसोबत येतील. तिनं परत विचारलं, "अन् नदीवर जायची वाट?" तो म्हणाला, तिथं कुंपण येईल, पाहुण्यांना त्रास नको. म्हातारी म्हणाली, "मंग माही सही नाही." विषय तिथंच संपला. एका अंगठ्यानं ती जमीन वाचली.

आता विचार करा. तिनं झाडाचं आणि वाटेचं विचारलं नसतं तर? आणि असा कागद उद्या तुमच्या दारात आला तर तुमची ग्रामसभा काय उत्तर देईल? आमच्या ओळखीच्या कितीतरी गावांत अजून यावर एकदाही चर्चा झालेली नाही.

आधी थोडं मागचं

आपल्या भागात पाहुण्यांची घरं जंगलात नवीन नाहीत. इंग्रजांच्या काळापासून वन खात्याची विश्रामगृहं आहेत. आपले बुढे सांगतात की साहेबाचा मुक्काम पडला की गावावर बेगार पडायची. पाणी भरा, लाकडं फोडा, कोंबडी आणा, रात्री जागली करा. मोबदला साहेबाच्या मर्जीवर. जंगलात राहायला येणाऱ्या माणसाची पहिली ओळख आपल्याला अशी झाली.

दुसरी गोष्ट धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावची. तिथल्या लोकांनी आपला घोटुल रितीप्रमाणे सागाच्या लाकडानं बांधला, तेव्हा वन खात्यानं तो मोडला. आदिवासीनं साग वापरला म्हणजे गुन्हा. लोक हटले नाहीत, परत बांधला, आणि मग इतर गावांनीही आपापले घोटुल उभे केले. आज तेच खाते ठिकठिकाणी निसर्ग पर्यटनाच्या नावानं लाकडाची सुंदर कुटी बांधते आणि भाड्यानं देते. कुटीचं लाकूड चालते, घोटुलाचं चालत नव्हतं. हा फरक आम्ही विसरू शकत नाही.

तिसरी गोष्ट ताडोबाची. ते नावच आपल्या तारू देवावरून आलं. तळ्याच्या काठावर त्याचं ठाणं आहे, पौष महिन्यात तिथं जत्रा भरत असे. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, पुढं व्याघ्र प्रकल्प झाला. बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावं उठवली. आज आपल्याच देवाच्या दर्शनाला जायला परवानगीची वाट पाहावी लागते. आणि मोहर्ली, कोलारा या दारांजवळ रिसॉर्टच्या रांगा लागल्या आहेत. तिथल्या पोरांना जिप्सी चालवायचं काम मिळालं, पोरी गाईड झाल्या, हे चांगलंच आहे. ते आम्ही नाकारत नाही. पण रिसॉर्टचा मालक कोण आणि तिथं चादरी धुणारा कोण, हे एकदा जाऊन पाहून या. ज्यांची जमीन होती तेच लोक तिथं गणवेश घालून दार उघडतात.

कायदा काय म्हणतो

कागदवाला माणूस दारात आला की आपण घाबरतो किंवा भुलतो. म्हणून कायद्याच्या चार गोष्टी पाठ करून ठेवा.

एक. वनहक्क कायदा २००६, कलम ४ (४). आपला वनहक्क वारसाला जातो, पण विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. वनहक्काचा पट्टा कॉटेजवाल्याला "करारानं" देणं म्हणजे हक्कच हातातून सोडणं. आणि सातबाऱ्याची आदिवासी जमीन असली तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम ३६-अ आहे. बिगर आदिवासीला विकणंच नाही, गहाण टाकणं आणि भाडेपट्ट्यानं देणं हेसुद्धा सरकारी मंजुरीशिवाय होत नाही.

दोन. त्याच वनहक्क कायद्याचं कलम ३ (२). गावाच्या सोयीसाठी वनजमीन कोणकोणत्या कामाला देता येते त्याची तेरा कामांची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या तारा, पाण्याची पाइपलाइन, रस्ता, समाजमंदिर अशी. तीही एक हेक्टरपेक्षा कमी जागा आणि ग्रामसभेची शिफारस असेल तरच. या यादीत हॉटेल नाही, रिसॉर्ट नाही, कॉटेज नाही. कोणी "गावाच्या विकासासाठी" म्हणून आलं तर त्याला ही यादी वाचून दाखवा.

तीन. कलम ३ (१) (झ) आणि कलम ५. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाला आपलं जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याची व्यवस्था पाहण्याचा अधिकार आहे. जंगलाचं, पाण्याचं आणि आपल्या संस्कृतीचं नुकसान होईल ते थांबवण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून जास्त गावांकडं असे दावे मंजूर होऊन आले आहेत. ते कागद पेटीत ठेवायला मिळालेले नाहीत.

चार, आणि ही काळजीची गोष्ट आहे. १९८० च्या वन संवर्धन कायद्यात २०२३ साली बदल झाला आणि डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे. वन खात्याच्या कार्य आयोजनेत लिहिलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सोयींना आता "वनेतर काम" धरायचं नाही असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे पूर्वी ज्या परवानगीसाठी फाईल वरपर्यंत जात होती तो अडसर निघाला. यापुढं कार्य आयोजना तयार होताना आपल्या जंगलात काय लिहिलं जाते हे आपण विचारलं नाही तर काम सुरू झाल्यावरच कळेल. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये महसूल मंत्र्यांनी जाहीर केलं की आदिवासी शेतकऱ्याला आपली पडीक जमीन थेट खासगी लोकांना भाडेपट्ट्यानं देता यावी अशी तरतूद आणू. कलम ३६-अ चं जे कुंपण आहे त्यालाच फट पाडायची ही बोलणी आहेत. त्या फटीतून पहिला कोण शिरणार? नदीकाठची जागा शोधणाराच.

मग कोणाला येऊच द्यायचं नाही का?

आमच्यातच दोन मतं आहेत, ती लपवत नाही. काही बुढे म्हणतात, बाहेरच्याला गावात पाय ठेवू देऊ नका, आज राहायला येईल उद्या मालक होईल. तरुण पोरं म्हणतात, तेंदूचा हंगाम मोजक्या दिवसांचा, मोह मोजक्या दिवसांचा, बाकी वर्ष काय करायचं? मिरची तोडायला किती वर्षं जायचं?

दोघांचंही म्हणणं खरं आहे. पण आम्हाला वाटते, उत्तर आपल्याकडं आधीपासून आहे. आपण झाडीपट्टीतले लोक आहोत. दिवाळीनंतर मंडई भरते, रात्री नाटक असते, वडशाच्या कंपन्या गावोगावी जातात. त्या दिवशी आपल्या गावात घरटी दहा-वीस पाहुणे असतात. लेकी, जावई, सोयरे, त्यांचे सोयरे. सगळे जेवतात, नाटक पाहतात, पडवीत तणसावर सतरंजी टाकून झोपतात, सकाळी चहा पिऊन जातात. त्यासाठी कोणाला जमीन लिहून द्यावी लागली? कोणाची वाट बंद झाली?

पाहुण्याला मुक्काम देणं आपल्याला नवीन नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे: मुक्काम द्या, जमीन देऊ नका. राहायची जागा आपली, भाडं आपलं, नियम आपले. पाहुणा दोन रात्री राहील आणि जाईल. जो तीस वर्षं राहायचं म्हणतो तो पाहुणा नाही.

आणि कायदा दाखवायचा तर तो आपल्यालाही लागतो. कलम ३ (२) च्या यादीत कॉटेज नाही म्हणून आपण दुसऱ्याला अडवणार, तर आपणही जंगल तोडून झोपड्या बांधायच्या नाहीत. ग्रामसभेनंसुद्धा नाही. मुक्काम गावठाणातच. घराची एखादी खोली, रिकामी पडवी, नाहीतर गावठाणाच्या जागेत माती, बांबू आणि कवेलूच्या दोन-तीन झोपड्या. जंगल आणि नदी पाहायला पाहुणा गावातल्या माणसाबरोबर दिवसा जाईल.

जागा कशी निवडायची

शहरातला माणूस झोपडी निवडताना फोटो पाहतो. पाणी अगदी पायाशी हवं, झाडी अगदी दाट हवी. आपण तसं पाहत नाही, आणि त्याला कारण आहे.

नदीचं पाहा. २०२० च्या ऑगस्टच्या शेवटी गोसीखुर्द धरणातून पाणी सोडलं आणि वैनगंगा कुठं कुठं शिरली हे वडसा-आरमोरीच्या माणसाला सांगायची गरज नाही. वर पाऊस नसतानाही पाणी येते, कारण आता नदी पावसावर नाही, धरणाच्या दारांवर चालते. म्हणून काठावरची रेती, खालचा मळा इथं मुक्काम नकोच. पाणी कुठवर येते हे ढिवर भावांना विचारा. त्यांच्या डोंग्याची खूण नकाशापेक्षा खरी असते.

जंगलाचं पाहा. सीटी-१ नावाचा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडशाच्या जंगलात पकडला गेला, तोवर त्यानं वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा भागात १३ माणसं मारली होती. त्याच्या आदल्या वर्षी छत्तीसगडकडून रानटी हत्ती उतरले आणि त्यांनी आपल्या तालुक्यांतले धान तुडवले. जिथं आपण पहाटे एकटं जायला घाबरतो तिथं रात्री शेकोटी पेटवून गाणी लावणाऱ्याला झोपडी देणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. उद्या तिथं काही झालं तर "आदिवासींनी वाघ डिवचला" असंच छापून येईल. आणि जंगलात जायला बंदी येईल ती मोह वेचणाऱ्या आपल्याच बायांना.

वेळ पाहा. मार्च-एप्रिल मोहाचा, मे महिना तेंदूचा. या दिवसांत पहाटेपासून बाया आणि लेकरं जंगलात असतात. या दिवसांत पाहुणे नकोत, किंवा थोडेच असावेत. आणि पावसाळ्यात मुक्काम बंद ठेवावा.

आपली ठिकाणं पाहा. पेनठाणा, देवराई, स्मशान, बायांचा आंघोळीचा घाट, गुरांचा पाणवठा. या जागा आधी नकाशावर मांडा आणि ठरवा, इथं कॅमेरा चालणार नाही. बायांच्या घाटासमोर झोपडीची खिडकी उघडत असेल तर त्या गावच्या बायांनी आंघोळ कुठं करायची?

आणि दारूचं स्पष्ट बोला. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती आणायला आपल्या बाया रस्त्यावर उतरल्या होत्या. पाहुण्याचा पहिला नाहीतर दुसरा प्रश्न दारूचाच असतो. आपल्या पूजेतला मोहाचा थेंब ही देवाची गोष्ट आहे, ती पाहुण्याच्या करमणुकीला विकायची नाही. हे आधीच सांगितलं तर ज्याला दारूच हवी तो येणार नाही, आणि ते बरंच आहे.

पाहुण्यालाही सांगू या

टपरीवर "कोणती झोपडी घ्यावी" असं कोणी विचारलं तर त्याला हाकलू नका. त्याला हे पाच प्रश्न द्या आणि म्हणा, पैसे भरायच्या आधी विचारा.

ही झोपडी कोणाच्या जमिनीवर आहे, आणि त्या गावच्या ग्रामसभेचा ठराव आहे का? भाड्यातले किती पैसे गावात राहतात? मालक गावात राहतो का? पाणी कोणत्या विहिरीचं आहे आणि उन्हाळ्यात गावाला पुरते का? मैला आणि प्लास्टिक कुठं जाते?

उत्तर देता येत नाही अशी जागा कितीही सुंदर असली तरी घेऊ नका, असं त्याला सांगा. शहरातले सगळे लोक वाईट नसतात. कित्येकांना फक्त माहीत नसते की ज्या व्हरांड्यात बसून ते नदी पाहतात, तिथून कोणाची तरी वाट गेली होती.

पैशाचा हिशेब

शेवटची गोष्ट, आणि ती आपल्यालाच टोचणारी आहे. लुटणारा प्रत्येक वेळी बाहेरचाच असते असं नाही. काही गावांत ठरावाच्या रजिस्टरमध्ये कोऱ्या पानावर सह्या घेऊन ठेवल्या जातात. दोन-चार पुढारी ठरवतात आणि गावाला नंतर कळते. वनहक्काच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे ग्रामसभेला निम्मे लोक हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. मुक्कामाचा ठराव तसाच झाला पाहिजे, पूर्ण गावात, दिवसा, मोठ्यानं वाचून.

तेंदू आणि बांबू विकून बऱ्याच ग्रामसभांचं बँक खातं आणि पॅन कार्ड झालं आहे. मुक्कामाचे पैसे त्याच खात्यात यावेत. ज्या घरानं खोली दिली आणि जेवण केलं त्याला त्याचा वाटा, सोबत गेलेल्या पोराला त्याची रोजी, आणि एक हिस्सा जंगल राखायला. जेवण बायाच करणार, मग पैसेही त्यांच्याच हातात पडावेत. हिशेब महिन्याला भिंतीवर लिहावा. हे जमत नसेल तर मुक्काम सुरूच करू नका. भांडण होईल, आणि भांडणाच्या गावातच कागदवाला लवकर शिरते.

ग्रामसभेसाठी नमुना ठराव

पुढच्या ग्रामसभेत खालील ठराव मांडावा. आपल्या गावाप्रमाणे बदल करावा.

१. आमच्या गावच्या हद्दीतील वनहक्काची किंवा आदिवासीची जमीन पर्यटन, रिसॉर्ट, फार्महाऊस अशा कामासाठी विक्री, करार किंवा भाडेपट्ट्यानं दिली जाणार नाही.

२. आमच्या सामूहिक वनहक्क क्षेत्रात निसर्ग पर्यटनाचं कोणतंही बांधकाम ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय होणार नाही. वन खात्याच्या कार्य आयोजनेत आमच्या जंगलाबद्दल काय लिहिलं आहे त्याची प्रत ग्रामसभेला मिळावी.

३. पाहुण्यांचा मुक्काम फक्त गावठाणात, ग्रामसभेनं ठरवलेल्या घरी, ठरवलेल्या संख्येनं आणि ठरवलेल्या महिन्यांत होईल.

४. पेनठाणा, देवराई, बायांचा घाट आणि पाणवठा या ठिकाणी पाहुण्यांना जाण्यास आणि फोटो काढण्यास मनाई राहील.

५. नदीवर आणि जंगलात जायच्या गावाच्या जुन्या वाटा कोणीही, कोणत्याही कारणानं बंद करणार नाही.

पाचवा मुद्दा त्या म्हातारीचा आहे. तिला कलमं माहीत नव्हती. तिनं झाडाचं आणि वाटेचं विचारलं, आणि ते पुरलं. आपल्याला तर कलमंही माहीत आहेत.

हा अंक वाचून झाला की पुढच्या गावाला द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. ठराव झाला की त्याची एक प्रत आमच्याकडं पाठवा.

जल, जंगल, जमीन आमची!
जय सेवा! जय जोहार!